गळती

शंभरातली दहा घरं यादीत बसतात.
अकरावं नाही. हा नियम मीच लिहिला,
लिलाँग्वेतल्या गार खोलीत,
जेवायला उठण्याआधी.

फालोम्बेला पोचलो तेव्हा फलेसी,
गावची म्होरकी, चटईवर नोटा मोजत होती.
दहा घरांच्या नोटा
सत्तावीस घरांत.
मला बघून तिचा हात थांबला नाही.

"ही कोण? हिचं नाव यादीत नाही."
"नाही ना," ती म्हणाली, "म्हणून तर आली."

मग आंब्याखाली मलाही पान मांडलं:
मक्याची न्सिमा, चिल्वा तळ्यातले बोटभर मासे.
कुणाच्या वाट्यातले, ते विचारवलं नाही.
सगळे खाल्ले.

रात्री अहवाल उघडला.
अशा पैशाला आमच्यात एकच शब्द आहे,
गळती.
तीन अक्षरं, आणि पुढच्या वर्षी
फालोम्बे नकाशातून बाहेर.

कोपऱ्यात मातीचा घडा पाझरत होता,
त्याच्याखाली जमिनीवर ओला गोल.
उठून पेला भरून घेतला.
पाणी गार होतं, पाझरणाऱ्या घड्यातलं असतं तसं.

रकाना अजून रिकामा आहे.
सोमवारी मुख्यालयाचा फोन येईल.