दहावा

शुक्रवारी दुपारी दोनला फोन आला.
तुर्कूत डिसेंबरात दोन म्हणजे
दिवस आवराआवरीला लागलेला,
नदीवरचा बर्फ निळसर.
हिर्श वेक्सलर बोलत होते.
आईच्या दफनानंतर अकरा वर्षांनी तो आवाज.
"रीव्हाला जाऊन आज वर्ष झालं.
कद्दिश म्हणायचंय. आम्ही नऊच आहोत."
मग जरा थांबून,
"तुझा मुलगा केवढा झाला गं?"

सोळा, म्हणाले.
त्याला यातलं काही म्हणजे काहीच येत नाही,
आणि मलाही,
हे नाही म्हणाले.

एलियास सरावाहून आला तसाच निघाला,
खांद्यावर हॉकीची बॅग, केस ओले,
संघाच्या टोपीवर जबडा वासलेलं अस्वल.
"मी करायचं काय?"
"उभं राहायचं."
"बस?"
"बस."
गाडी इलारीने चालवली.
लूथरन घरातला माणूस, शेवटच्या बाकावर
हातमोजे मांडीवर ठेवून बसला.
"मी मोजणीत नाही ना," म्हणाला,
"मग कुठंही बसतो."

मी आणि साल्मे वर सज्जात.
खाली नऊ काळ्या टोप्या आणि एक अस्वल.
वेक्सलर बोट न रोखता पुटपुटले,
एक नाही, दोन नाही, तीन नाही...
माणसं मोजायची नसतात आपल्यात.
'दहा नाही'पाशी आवाज चिरकला
आणि पुस्तक उघडलं.

पोरगा एक नाही, दोन नाही.
नुसता उभा, सहा फूट उंच,
आणि त्याच्या असण्याला टेकून
एक म्हातारा बायकोसाठी बोलत राहिला.
'आमेन' एलियासच्या तोंडून आलं
सगळ्यांच्या मागून, अर्धी मात्रा उशिरा,
जाड्या, फुटक्या आवाजात.
सज्जाचा कठडा मी घट्ट धरला.

परतताना, का कोण जाणे, आईचा पाव आठवला.
शेजाऱ्यांच्या पावातही वेलदोडा,
त्यांचीही वेणी तीनपेडी,
पण त्यात लोणी, दूध.
आमच्यात तेल.
मला वाटायचं, आपण गरीब.
चाळीस वर्षं त्या तेलाची लाज बाळगली.
शुक्रवारी ताटात मांस असायचं,
त्याच्या पंगतीला दूध बसत नाही,
हे आईने कधी सांगितलं नाही.
ती फक्त तेल ओतायची.

पुढच्या शुक्रवारी समया शोधल्या.
एक माळ्यावर सापडली,
दुसरी सॉनाच्या दाराला टेकण म्हणून.
आईच्या अक्षरातला कागद मिळाला,
हिब्रू प्रार्थना फिनिश लिपीत,
मधल्या ओळीवर तेलाचा डाग.
साल्मेने डागाला ओलांडून वाचलं.
डागाखाली काय, ते वेक्सलरना फोन करून विचारलं,
तीन वाजायच्या आत, धावतपळत.
ते हसले. म्हणाले,
"तुझी आई तो शब्द नेहमीच गाळायची."

"आपण इथले कधीपासून?" साल्मेने विचारलं.
एक खापरपणजोबा, सांगितलं,
पंचवीस वर्षं झारची बंदूक वाहून
या गावात जुने कोट विकायला बसले.
"आणि शुक्रवारी?"
शुक्रवारी दुकान लवकर बंद करत असतील.
मला ठाऊक नाही, पण सांगताना
मी 'असतील' खाऊन टाकलं.

आता जून आहे.
शनिवार संपता संपत नाही.
आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ सुटतो,
आणि इथे रात्रीचे साडेअकरा वाजले तरी
आभाळ दुधासारखं उजेडाचं.
एलियास मसाल्याची डबी हुंगत
पायरीवर पेंगतोय.
वेक्सलर म्हणतात, अशा वेळी घड्याळाचं ऐकावं,
पण इलारी ऐकत नाही.
अंगणात मान वर करून उभा आहे,
मोजणीत नसलेला माणूस,
तारे मोजायला.

"दिसला का?" साल्मे विचारते.
"एक नाही," तो म्हणतो.
बराच वेळ बघतो.
"दोन नाही."