न आलेल्यांचे बिल्ले

बालेवाडीचं हॉटेल, तिसरा मजला,
तीन दिवसांची जागतिक परिषद.
माझं काम दाराशी, टेबलामागं:
नाव विचारायचं, बिल्ला शोधायचा,
निळी फीत पुढं करायची
आणि हसायचं.
हसण्याचे वेगळे पैसे नाहीत.

नावं मी आदल्या रात्री पाठ करते,
धनकवडीत, कुकरच्या शिट्ट्यांत.
न्गोझी. ब्यॉर्न. थुय. अलमाझ.
धाकटा विचारतो, आई, मंत्र म्हणतेयस का?
तसंच समज.
नाव नीट उच्चारलं की माणूस
जरा सरळ उभा राहतो,
हे मला कुठल्या कोर्सात शिकवलेलं नाही.

आत हात मिळवायचं प्रशिक्षण चाललेलं:
दोन सेकंद, तीन हेलकावे, नजरेला नजर.
टायवाले गृहस्थ सांगत होते,
आजपासून तुम्ही कुठल्या गावचे नाही,
जगाचे.
पहिल्या रांगेतल्या इंदापूरच्या पोरीनं
ते वहीत उतरवून घेतलं
आणि पट्टी लावून
खाली रेघ मारली.

तिसऱ्या दिवशी, चहाचे कप गोळा होताना,
टेबलावर एकोणीस बिल्ले उरलेले.
बाराजणांना व्हिसा नाही.
एकाचं विमान चुकलं, एकाचे वडील गेले,
चौघांचं काहीच कळलं नाही.
आणि एक, सुकेशिनी खिल्लारे, फुरसुंगी.

फुरसुंगी!
तिथून इथवर बस येते,
फार तर एकदा बदलून.
यादीत तिच्यापुढं पेन्सिलीनं लिहिलेलं:
दुसरा हप्ता बाकी.

मॅनेजर म्हणाले, उरलेलं टाकून द्या.
अठरा टाकले.
एकोणिसावा पर्समध्ये, डब्याखाली.

रात्री यादीतला नंबर लावला.
का लावला, ते विचारू नका.
मागं मशीनचा आवाज, बहुतेक शिलाईचं.
म्हटलं, तुमचा बिल्ला राहिलाय माझ्याकडं.
मशीन थांबलं.
सर्टिफिकेट मिळेल का?
नाही हो, नुसता बिल्ला.
जरा वेळानं ती म्हणाली,
नाव तरी बरोबर छापलंय का?
खिलारे. एकच ल.

मी दिव्याखाली धरून पाहिलं.
दोन आहेत, म्हटलं.

हसली. मोकळं हसली.
मग जाऊ द्या ना ताई,
न आलेली ती
दुसरीच कुणीतरी असेल.

मशीन पुन्हा सुरू झालं.

निळी फीत मी सकाळी परत केली.
फिती मोजून घेतात.