दुसऱ्या गाठीच्या वर

मनामातल्या आमच्या हॉटेलात दर शनिवारी
लॉबीतली ऑर्किडं बदलतात.
एक जरी फूल गळालं
तरी अख्खी कुंडी ट्रॉलीवर, मागच्या दाराला.
तिथून मी उचलल्या, एकेक करून सहा,
ओढणीखाली, चोरी असल्यासारख्या.

रोवेनाने कात्री मेणबत्तीवर धरली.
म्हणाली, दुसऱ्या गाठीच्या वर काप
आणि जखमेला दालचिनी लाव.
दालचिनी माझ्या डब्यातली, सावंतवाडीची.
त्या रात्री गुदैबियातल्या खोलीला
पुलावासारखा वास येत होता.

नळाचं पाणी इथे जूनमध्ये हात भाजतं.
म्हणून एसीच्या नळीखाली बादली:
रात्रभर टप्, टप्,
आम्हा चौघींच्या श्वासांतून गळलेलं,
गार, बिनमिठाचं.
मुळं चंदेरी दिसली की पाजायचं,
हिरवी असली की हात आवरायचा.
हात आवरणंच अवघड.
जास्तीच्या मायेने दोन कुजल्या.

व्हिडिओ कॉलवर चिन्नू विचारते, फूल कुठाय?
नाहीये.
मग मी काय बघू?
पान बघ, म्हटलं. बोटाने पुसून दाखवलं,
वर वाळूची धूळ, खाली हिरवं.
तिला कंटाळा आला, तिने फोन आत्याकडे दिला.
आत्या म्हणाली, अगं, ही तर आमरी!
आपल्या फणसावर सीतेची वेणी लोंबते,
तिला कोण घालतं पाणी?
कुणी नाही, म्हटलं.
पण तिला फणस आहे.

नोव्हेंबरात खिडकी पहिल्यांदा उघडली.
रात्रीचा गारवा लागला
की दांडा फुटतो म्हणतात.
शुक्रवारी पहाटे, तिघी झोपलेल्या,
मोबाइलच्या उजेडात पाहिलं:
पानाच्या बगलेत एक हिरवं टोक.
दांडा, की मूळ?
चपटं असेल तर दांडा, गोल असेल तर मूळ.
आठवडाभर कळेना.
खोलीत पैज लागली, अर्ध्या दिनाराची.

मूळच निघालं.
कुंडीत न शिरता बाहेर वळलं,
खिडकीच्या कठड्यावरून पुढे,
धरायला काही नसताना.
आता बोटभर झालंय,
चंदेरी, टोकाला तेवढं हिरवं.

रोवेनाला अर्धा दिनार दिला.
एसी बंद, बादली कोरडी.
आता पाणी कुठलं आणायचं, बघू.