शेंगा, दोन किलो

दुकानाआधी झाडं होती.
ओढ्याकाठी शिंदीची सत्तावीस.
आजोबा पहाटे कमरेला दोर बांधून चढायचे,
मडकं उतरवताना झाडाशी तेलुगूत बोलायचे,
खाली उभ्या गिऱ्हाइकाशी कन्नडात,
फौजदाराशी मराठीत, तेही हात जोडून.
मग शिंदी बंद झाली. झाडं राहिली.
दोर माळ्यावर गेला.

नायनाने लायसन काढलं तेव्हा मी दुसरीत.
चार टेबलं, एक जुना फ्रीज
आणि अक्कलकोट रस्त्याकडे तोंड केलेली पाटी:
रेणुका बियर हाऊस.
दोन पावसाळ्यांत 'बियर'मधला र उडाला.
एक म्हातारा सायकलवरून उतरला, म्हणाला,
मालदांडीचं बी हाय का?
नायनाने त्याला बसवलं.
तो रात्री नऊला उठला.
सायकल तीन दिवस इथेच.

शेंगा घरून जायच्या.
अम्मा लोखंडी कढईत मिठात भाजायची,
रोज दोन किलो,
आणि मी कागदाचे कोन वळायची,
माझ्याच जुन्या वह्यांचे.
कितीतरी माणसांनी माझी गणितं वाचलीत
दुसऱ्या बाटलीनंतर.
सिद्रामप्पा गुरुजी तर चुकीवर लाल खूण करून
कोन परत पाठवायचे.

मग मोजणीवाले आले टेप घेऊन.
हायवेपासून पाचशे मीटर पाहिजे,
भरलं दोनशे नव्वद.
नायनाने पुढचं दार विटांनी बुजवलं,
मागची भिंत फोडली,
गुरलिंगच्या रानातून बांधाबांधाने
अशी वाकडी वाट काढली की
चालून बरोबर पाचशे सहा.
साहेबाने पुन्हा टेप धरली, सही केली.
जाताना पाचशे सहा.
येताना कोणी मोजलं नाही.

त्या वाटेवर विहीर होती, कठडा नसलेली.
मलकाप्पा, वय एकतीस.
चपला काठावर जोडीने,
पाणी प्यायला वाकावं तशा.
वर काढायला दोर लागला
तेव्हा नायना स्वतः माळ्यावर चढला.

अर्जावर पहिली सही दगडव्वाची, त्याच्या बायकोची.
खाली हमीदाबीचा अंगठा, मग पानंच्या पानं.
शाळेत मतदान, फक्त बायांचं.
कागदावर दोन चित्रं:
उभी बाटली, आडवी बाटली.
मी सतरा वर्षांची, मला मत नव्हतं.
मी फाटकाशी उभी राहून
कोण कुणाशी बोलत नाही ते बघत होते.

आडवी निघाली. सहाशे चाळीस.
उभी, सव्वीस.
नायना ओट्यावर बसून बोटं मोजत होता:
घरातली चार, भावकीतली तेवीस.
पुन्हा मोजायचा.
एक कुठेतरी गळत होतं.
त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं नाही.

आत अम्माने कढई चढवली होती.
दोन किलो.
मीठ तडतडत होतं.
तिच्या लक्षात आलं होतं की नव्हतं,
मला सांगता येणार नाही.
त्या रात्री आम्ही शेंगाच खाल्ल्या,
दुसऱ्या दिवशीही.
नायना नुसता सोलत राहिला,
दाणे एकीकडे, टरफलं एकीकडे,
दोन्ही न खाता.

आता तिथे पाण्याचं मशीन आहे.
पाच रुपयांत वीस लिटर.
पुढचं दार अजून विटांचंच,
लोक मागून येतात.
दगडव्वाही येते जार घेऊन,
नाणं टाकते, भरेपर्यंत उभी राहते.
अम्मा तिला बस म्हणत नाही.
शेंगा देते, कोनात.
दगडव्वा घेते.