दाजींचा पेन ड्राइव्ह

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत
शिरगुप्प्यांनी काउंटरवर तीन खोकी मांडली,
पत्ते मांडावेत तशी.
एकावर ढाल, एकावर कुलूप,
एकावर नुसताच हसणारा गोरा माणूस.
"हे एका वर्षाचं. हे तीन वर्षांचं, स्वस्त पडतंय,
पण तुमचं मशीन तेवढं टिकाय पाहिजे."

मला लेथ कळतो.
जॉब हातात घेतला की अर्ध्या सुताचा फरक
अंगठ्याला लागतो.
खोकं हलवून बघितलं.
आत एक चकती, घडी घातलेला कागद
आणि बाकी सगळी हवा.

"कशापासून वाचवायचंय?" शिरगुप्पे.
व्हायरसपासून, मी म्हणालो.
"ते झालंच हो. येतो कुठनं?"

मालननं माझ्याकडं बघितलं.
मी पंख्याकडं.

येतो गडहिंग्लजहून, सकाळच्या एसटीनं,
दाजींच्या किल्लीच्या साखळीला अडकून.
स्कूटर विकली त्यांनी, साखळी ठेवली.
पिशवीत संकेश्वरी मिरची, अक्कानं दिलेली भुईमुगाची पोतडी,
आणि चहा उकळायच्या आत,
"लावा की जरा. फोटो दावतो."
बारशाचे, जावळाचे,
नव्या बोअरच्या पहिल्या पाण्याचे बावीस.
सोबत झेरॉक्सवाल्याकडची, दूध सोसायटीच्या ऑफिसातली,
कुणाकुणाची चिकटून आलेली घाण.

गेल्या दिवाळीत असंच झालं.
फोल्डरचे शॉर्टकट झाले, शॉर्टकटचं काहीच झालं नाही.
केतकीचा प्रोजेक्ट गेला.
उद्यमनगरातल्या अकरा पार्ट्यांकडची माझी येणी गेली.
चौघांनी आपणहून आकडा सांगितला,
उरलेल्यांची आठवण
नेमकी त्याच आठवड्यात गेली.
मालनच्या भिशीचा हिशेब तेवढा वाचला,
तो वहीत होता.
ती हे अजून सांगते.

पण दाजींना कोण सांगणार?
बहीण दिलीय त्या घरात.
दारात आल्यावर पाय धुवायला पाणी देतो आपण,
पाय मळलेत
असं म्हणत नाही.

"पावण्यांसमोर वरडतंय का हे?"
मालननं विचारलं, खोक्यावर बोट ठेवून.
शिरगुप्पे पहिल्यांदाच थांबले.
एवढ्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसणार.
"ढालवालं वरडतंय. लाल होतंय, भोंगा वाजवतंय.
कुलूपवाल्याला सायलेंट मोड हाय.
मागच्या मागं धुऊन टाकतंय."
"आणि सापडतंय किती?" मी.
"शंभरात अठ्ठ्याण्णव."
"ढालीला?"
"नव्याण्णव."

एकाचं काय एवढं, मालन म्हणाली,
आणि पर्स उघडली.
अर्ध्या सुतासाठी जॉब परत पाठवणारा मी
कुलूप काखेत मारून बाहेर आलो.

पुढच्या रविवारी दाजी आले.
साखळी खुळखुळली, ड्राइव्ह आत गेला.
कोपऱ्यात बोटाच्या नखाएवढं कुलूप फिरायला लागलं
आणि फिरतच राहिलं.
फोटो उघडेनात.
दाजींनी माउस दोनदा आपटला.
"म्हातारं झालंय मशीन तुमचं."
"व्हय," मी म्हणालो.
मालननं न विचारता दुसरा चहा ओतला.
मग एकदम पाणी आलं स्क्रीनवर,
बोअरचं, गढूळ, माणसाहून उंच,
आणि कडेला अक्का, पदर सावरत, हसत,
अर्धी फ्रेमच्या बाहेर.

संध्याकाळच्या गाडीनं ते गेले,
ड्राइव्हवर फुंकर मारून, साखळीला लावून.
आयुष्यात पहिल्यांदा तो स्वच्छ होऊन चाललाय
हे त्यांना ठाऊक नव्हतं.

रात्री केतकीनं कुलूपाची यादी काढली.
सात सापडले होते.
एकेकाचं नाव ती मोठ्यानं वाचायला लागली,
तिसऱ्यावर मालन आतून म्हणाली,
पुरे गं,
पावण्यांना नावं ठेवू नयेत.