मीठ

बाळगोंडा दिवस मावळायच्या आत जेवतो,
म्हणून शिंगणापूरच्या बंधाऱ्यावर
आम्हाला पाचालाच पोचावं लागतं.
लोक विचारतात, मासे धरायला जैनाला कशाला नेता?
जाळ राखायला, आम्ही म्हणतो,
आणि ते खरंही आहे.

येसबाच्या एम-एटीवर सामान:
तीन गळ, हळद घालून मळलेला कणकेचा गोळा,
बूड काळं पडलेलं पातेलं, पातेल्यात तांदूळ,
तांदळात पुरलेली अंडी, खड्ड्यात फुटू नयेत म्हणून,
आणि औषधाच्या जुन्या बाटलीत
गजबरच्या आईची कांदा-लसणाची चटणी.
बाटलीवर अजून लिहिलेलं आहे,
दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

पाटा नेत नाही.
काठावर एक दगड आहे, मधोमध बशीएवढा खळगा,
तो आम्हीच पाडला असावा, दहा वर्षांत.
तीळ, खसखस, जाळावर धरून काळं केलेलं खोबरं,
येसबा गुडघे टेकून वाटतो,
लेथवर जॉब लावल्यासारखा, ओठ मिटून,
मध्ये बोललेलं त्याला चालत नाही.

गळ पाण्यात. काठीला बैलाच्या गळ्यातलं घुंगरू.
बाळगोंडा जेवून, चूळ भरून, शेणी रचायला बसलेला.
पलीकडच्या फडातनं उसाचं पाचट जळल्याचा वास.
घुंगरू गप्प.
आठ वाजले. दहा वाजले.
गजबरनं दोनदा गळ काढून बघितला,
कणीक कुणीतरी व्यवस्थित खाऊन गेलेलं.
"आपल्यापेक्षा तेच बरं जेवायल्यात," तो म्हणाला.

अकराला येसबा उठला.
माशाची वाट बघून वाटण शिळं करायचं नसतं.
तेल तापलं, चटणी पडली, सगळ्यांना ठसका,
वाटण तेल सोडेपर्यंत परतलं,
मग आधण, मग आमसूल, मग उकडलेली अंडी.
कट वर आला, बोटभर, तांबडा.
माशाचा रस्सा, मासा नसलेला.
मीठ बघायचं काम बाळगोंडाचं. चाखत नाही.
वाफेवर वाकतो, डोळे मिटतो,
"चिमूटभर कमी हाय."
कधी चुकला नाही.

भात अजून फुरफुरत होता, थांबलो नाही,
रस्सा ओतला, बोटं भाजली, नाकं वाहायला लागली.
माघाची थंडी पाठीवर, पोटात जाळ.
"काटं बघून खा रं," गजबर म्हणाला,
आणि आम्ही अंड्यातनं
खरंच थोडा वेळ सावकाश खाल्लं.

मग झोप. झोप म्हणजे पोत्यावर आडवं होणं
आणि बाळगोंडा एक एक शेणी सरकवताना ऐकणं.

पहाटे वाजलं.
घुंगरू नुसतं वाजलं नाही, काठीसकट ओढलं गेलं.
गजबर गुडघाभर पाण्यात, येसबा शिव्या देत मागे,
आणि वर आली ती मरळ, हातभर,
सायकलच्या ट्यूबसारखी काळी, चिवट.
बाळगोंडा उठला.
बंधाऱ्याच्या पार पलीकडे गेला, तोंड धुवायला.
तो बराच वेळ तोंड धुतो.

उरलेलं वाटण दोन चमचे, हळद, मीठ.
तव्यावर तुकडे, वर दगड ठेवून दाबलेले.
रात्रीचा भात त्याच तेलात परतला.
साडेआठाला पाळी, उद्यमनगरात पोचायचं,
तरी येसबानं तुकडे सावकाश उलटले.

बाळगोंडा परत आला, तळहात उघडून बसला,
रेषा दिसेपर्यंत बघत राहिला.
दिसल्या तेव्हा डबा उघडला,
भाकरी, मुगाची उसळ.
दहा वर्षांत पहिल्यांदा
आम्ही चौघं एका वेळी जेवत होतो.
हे कुणाच्या तरी ध्यानात आलं असणार,
बोललं कुणीच नाही.

एम-एटीला किक मारताना त्यानं विचारलं,
"मीठ कसं झालतं?"
येसबा पातेलं बांधत होता.
"ज्यादा," तो म्हणाला. "तू कुठं हुतास?"