अडीच बिस्किटं

ग्रिम्सबीच्या सुपरमार्केटात
दर गुरुवारी सकाळी दहाला
ग्लेनिस हार्डकॅसल येते.
एकतीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात
ती लेबलांवरचा मजकूर तपासायची.
एक स्वल्पविराम हलला तरी
रात्रभर कूस बदलायची.

आता पेन्शन खाते
आणि वॉल्टर मॉसॉपला लेबलं वाचून दाखवते.
वॉल्टरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
आणि ऑपरेशनची तारीख अशी
की तोवर दुकानातलं लोणचंसुद्धा मुदत संपून जाईल.

"काय लिहिलंय यावर?"
"घरची चव."
"कुणाच्या घरची?"
"ते छापायला जागा उरली नाही, वॉल्टर."

'शेतावरून थेट.'
म्हणजे शेत, लॉरी, गोदाम, दुसरं गोदाम,
आणि मग त्याच शेतावरून पुढे जाणारी दुसरी लॉरी.
पाकिटावर लाल छपराचं खोपटं, हसरी कोंबडी.
कोंबडी आमच्या डेरेकने काढली होती,
ग्लेनिस म्हणते,
त्याला पिसांची ॲलर्जी होती बिचाऱ्याला.

'हाताने बनवलेलं.'
अगदी खरं. बटण हातानेच दाबतात.

'स्ट्रॉबेरी स्वादाचं.'
'स्ट्रॉबेरीचं' आणि 'स्ट्रॉबेरी स्वादाचं'
या दोहोंच्या मधे
एक अख्खी स्ट्रॉबेरी मावते.
तेवढीच काढून घेतलेली असते.

'साखर घातलेली नाही.'
घालायची गरजच नव्हती,
ती आधीपासून आत येऊन बसली होती,
आमंत्रण नसलेल्या आत्यासारखी
चर्चच्या पहिल्या बाकावर, हॅट घालून.

"आणि हे 'लाइट'?"
"उचलून बघ."
"हलकं लागतंय."
"मग? खोटं कुठे बोललेत!"

शेंगदाण्याच्या बिस्किटांपाशी ती जरा थबकते.
'यात शेंगदाणे असू शकतात.'
हे वाक्य तिच्या हातून गेलेलं.
तिने समासात लिहिलं होतं, 'असतात'.
वकिलांनी 'असू शकतात' केलं,
वर ख्रिसमसला एक पुडा भेट पाठवला.
त्यात शेंगदाणे नव्हते.

पण तिचं खरं भांडण निराळंच.
'एका माणसासाठी: अडीच बिस्किटं.'
तिने साहेबांना चिठ्ठी लिहिली होती,
अर्धं कोण खातं?
उत्तर आलं, सरासरी माणूस.
तेव्हापासून ती त्याला शोधते आहे
बसथांब्यावर, दातांच्या डॉक्टरकडे,
लोकांच्या अंत्यविधीनंतरच्या चहाला.
नवऱ्याकडून जरा आशा होती,
तो एका बैठकीत अकरा खायचा.

मग थंड कपाटातला मटणाचा पाय
वॉल्टर नेहमीसारखा पुढे करतो.
"यावर काय?"
लेबल म्हणतं, 'दोघांसाठी'.
एडना गेल्याला मार्चमधे दोन वर्षं झाली.
ग्लेनिस चष्मा पुसते.
चष्मा स्वच्छच असतो.
"यावर लिहिलंय," ती म्हणते,
"एक भाग आज, एक उद्या."

एकतीस अधिक सात वर्षांत
छापील मजकुरात पहिला फेरफार,
कुणाची सही न घेता.

वॉल्टर पाय टोपलीत ठेवतो.
"ग्लेनिस," तो म्हणतो,
"ते मोठ्या अक्षरांत आहे.
मोठी अक्षरं मला दिसतात."

माझ्या तीन नंबरच्या काउंटरवर
दोघं काहीच बोलली नाहीत.
पाय एक. बिस्किटांचा पुडा एक.
पिशवी एकच घेतली,
नाहीतरी पिशवीला दहा पेन्स पडतात.

पुढचं मला पुढल्या गुरुवारी कळलं,
तेही ग्लेनिसकडून,
म्हणजे शब्दन् शब्द तपासून:
चहा झाला. दोन त्याने खाल्ली, दोन तिने.
पाचवं त्याने मोडलं,
आणि नीट मधोमध नाही मोडलं.
मोठा तुकडा तिच्या बशीत आला.
तिने तो सवयीने उलटून पाहिला.
मागे काहीही लिहिलेलं नव्हतं.